परतल्याची तारीख

बसा पावणं, खुर्ची वढा जवळ. दार राहू द्या उघडंच. लावलं की आई चिडती.

काम तसं सोपं व्हतं. दीडशे वर्षांमागं आपल्याकडची माणसं बोटीनं मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेली, त्यांच्या सरकारी वह्यांचे फोटो कॉम्प्युटरवर येत्यात. बघून नाव, गाव, वय, अंगावरची खूण टाईप करायची. फुकट बरं का, हौसेनं. तिकडं त्यांची पतवंडं आपलं मूळ गाव शोधत्यात. नियम एकच. दिसंल तेवढंच लिहायचं, कोरं असंल ते कोरंच ठेवायचं. शेवटचा रकाना परतल्याच्या तारखेचा, तो बहुतेकांचा कोराच असायचा.

हौस म्हणते खरी, पण माझा धाकटा भाऊ हनुमंत चार वर्षांमागं मालवाहू बोटीवर कामाला गेला. एक फोन आला, मग काहीच न्हाई. आमच्या धनगराच्या घरात, वाटंला लागलेल्याची घोंगडी घडी घालून ठेवत्यात, तो आल्याबगर उलगडायची न्हाई. आई रोज त्या घडीवरनं हात फिरवायची. भावकी म्हणायची, "बानूबाई, आता दहावा उरकून टाका." तर त्यांना पाणीसुदीक विचारायची न्हाई ती.

त्या दुपारी ओळ आली. कुशाबा, वय चोवीस, गाव महाळुंगे पडवळ, डाव्या भुवईवर व्रण. हनुमंतालाबी तिथंच व्रण, लहानपणी मेंढ्यानं धडक दिलेली. माझा जीव असा तुटला, काय सांगू! त्या कोऱ्या रकान्यात मी आजची तारीख घातली. म्हटलं, खंडोबा, कुणीतरी एक घरला येऊ दे रे. आन् सेव्ह केलं.

भाईर मेंढरं एकदम गप झाली. भर उन्हात ओल्या लोकरीचा वास आला, खारट.

"आशे… आला गं!" आई भाईरनं वरडली.

पळत गेले. उंबऱ्यावर माणूस बसला व्हता. अंगातनं पाणी गळत व्हतं. तोंड सुजून पांढरं पडलेलं, डोळं कुठं हायेत ते कळंना. पण भुवईवर व्रण व्हता. आईनं घोंगडी उलगडून त्याच्या अंगावर टाकली व्हती.

"आई, सर मागं… ह्यो आपला हणमा न्हाई."

"भुवई बघ की, बये!"

"मेंढरं… कुठं हायेत?" त्यानं विचारलं. आवाज लई लांबून आल्यागत.

म्हटलं, ह्यो तर तो वहीतला कुशाबा, माझ्या तारखेनं आलेला. तशीच आत पळाले, ती तारीख पुसली, पुन्हा सेव्ह केलं. भाईर आईनं हंबरडा फोडला. जाऊन बघते तर उंबऱ्यावर नुसती ओली घोंगडी.

"कुठं घालवलास त्येला?" आई म्हणाली. तिला कॉम्प्युटरमधलं काय ठाऊक? तरी मलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी रत्नाताईंचा मेसेज आला. आमी लिहिलेलं त्या मूळ पानाशी ताडून बघत्यात. 'आशा, कुशाबाच्या खालची ओळ सुटली बघ तुझी.'

खाली ओळच नव्हती, पावणं. पान कुशाबावर संपत व्हतं, शपथ घेऊन सांगते. तरी उघडलं. तीच वही, तीच विटकी शाई. हनुमंत सोनबा, वय सव्वीस, गाव निरगुडसर, डाव्या भुवईवर व्रण. बापाचं नाव, गाव, सगळं आमचंच. परतल्याच्या रकान्यात कालची तारीख व्हती… आन् तिच्यावर आडवी रेघ मारलेली.

म्हंजी तो माझा हणमाच व्हता. आईनं वळखला, मी न्हाई वळखला. दारात आलेल्या भावाला मी माझ्या हातानं माघारी लावला!

रोज त्या ओळीत तारीख घालते. घेतच न्हाई. आईला ह्यातलं काही सांगितलं न्हाई, कुठल्या तोंडानं सांगू?

ती बघा घोंगडी, तारंवर. तीन महिनं झालं, उन्हातच हाय. हात लावा… अजून पाणी गळतंय.