सात भाषांचे डीनसाहेब

२०१६च्या डिसेंबरात नरपडला, आमच्या चिकूवाडीच्या फाटकासमोर एक गाडी पंक्चर झाली. गाडीतल्या गृहस्थांनी स्वतःची ओळख करून दिली, "मी डॉक्टर रघुनाथ वरठा. विद्यापीठात डीन आहे."

माझ्या आईने, म्हणजे आमच्या बाने, एवढंच ऐकलं आणि लगेच गुडघा पुढे केला.

"बा, हे भाषेचे डॉक्टर आहेत!" मी ओरडले.

"तो शुं थयुं? जुए तो खरा!" मग काय झालं, बघू तर दे त्यांना, असं बाचं म्हणणं.

बाजारात बाचं मराठी खणखणीत, पण घरात आली की तिचे कानसुद्धा गुजराती होतात. साहेबांनी गंभीरपणे गुडघा पाहिला आणि अस्सल गुजरातीत मिठाच्या पाण्याचा शेक सांगितला. गुडघा बरा झाला, आणि त्यांना आमच्याकडे यायला वाट मोकळी झाली.

ते मूळ तलासरीचे. घरी वारली, आश्रमशाळेत मराठी, उंबरगावला कामाला गेले तिथे गुजराती... असं करत करत हिंदी, इंग्रजी, संस्कृत आणि हट्टाने जर्मनही. चव्वेचाळीस वर्षांत सात भाषा झाल्या. लग्नाला मात्र एकाही भाषेत सवड मिळाली नव्हती.

आता ते वारली-मराठी-गुजराती शब्दकोश करत होते. दर महिन्याला वही घेऊन वाडीत यायचे.

"चिकू उतरवायच्या या जाळीच्या काठीला काय म्हणता?"

"साहेब, हे तुम्ही जानेवारीत विचारलंत. मार्चमध्येही विचारलंत."

"उच्चार... पक्का करतोय." आणि कान लालबुंद!

मी अडतीस वर्षांची. मला ते लाल कान भारी आवडायचे. पण निघताना ते न चुकता म्हणायचे, "येतो, भाविनीबेन." बेन! सात भाषा येणाऱ्या माणसाला माझ्यासाठी बहीणच सापडावी?

एकदा न राहवून मीच म्हणाले, "नुसतं भाविनी म्हणा ना."

"इकडे बेन म्हणतात ना... आदर म्हणून."

"आदर पुरे झाला."

त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं!

२०१९च्या मे महिन्यात ते कोशाची छापील प्रत घेऊन आले. आता विचारायला एकही शब्द उरला नव्हता. आज हा माणूस न बोलता गेला, तर पुन्हा कशाला येईल? आणि मी आपणहून बोलणार नव्हते. अडीच वर्षं जाळीच्या काठीचं नाव सांगितलं, तेवढं बस झालं.

ओट्यावर ते चपला घालत होते. मग थांबले.

"एक राहिलंय..."

"कुठला शब्द?"

"शब्द नाही, वाक्य आहे. भाविनी—"

बेन गळालं!

"आपलं... जमेल का?"

मी तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून हाक आली, "जमवुं छे? तो बोलो ने! बेसो, बेसो!"

जमवुं म्हणजे गुजरातीत जेवणं. साहेबांच्या कोशात 'ज'खाली ठळक छापलंय. पण मराठीतलं 'जमणं' वेगळं, हे बाला सांगणार कोण? पाट मांडला, ताट आलं. रोटली, वालाचं शाक, कढी. बिचारे मुकाट्याने जेवायला बसले. दर घासाला माझ्याकडे बघत होते आणि बा वाढत होती.

मी तुपाचं भांडं घेऊन उभी. सात भाषा येत असूनही ज्याला माझ्या आईपुढे एकीतही 'नको' म्हणता येत नव्हतं, असा हा माणूस. मला तोच हवा होता. आजच नाही, त्या गुडघ्याच्या दिवसापासून.

बा आत वळताच त्यांनी घास गिळून विचारलं, "मग... उत्तर?"

"जमेल," मी म्हणाले. "पण पुन्हा बेन म्हणालात तर बघा."

त्यांना ठसकाच लागला. बा पाण्याचा तांब्या घेऊन आली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थेट बाजारातल्या खणखणीत मराठीत म्हणाली, "जमलं ना एकदाचं? म्हटलं, ताटावर बसवून ठेवावं. नाहीतर हा आजपण बेन म्हणून निघून गेला असता."