ढिगामागची जागा

खोटं सांगून मला कुणी जहागिरी देणार नाही. झुंबरबाई म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी मावशी. तिच्या घरात घडलं तेच सांगतोय.

सत्तर सालची दिवाळी नुकतीच उरकली होती. पाथर्डीकडचं गाव. निम्मं गाव श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला निघालं.

जाणाऱ्यांनी घराला कुलूप लावायचं अन् सामानसुमान मागं राहणाऱ्याकडे ठेवायचं, ही तिथली रीतच. झुंबरबाईचा नवरा कानिफनाथ पायानं अधू. ही दोघं मागंच राहायची.

मग काय, पाच घरांचे संसार त्यांच्या एका खोलीत येऊन पडले. ट्रंका, जाती, कणग्या, गोधड्यांची बोचकी. पार आढ्यापर्यंत. दारापासून चुलीपर्यंत अंग चोरून जावं लागायचं.

झुंबरबाईचं डोकं उठलं. घास उतरेना, झोप लागेना. उगाच भांडी आपटायची.

अन् एका दुपारी...

ढिगामागून आवाज आला.

खस... खस...

जमिनीवर कुणी हात फिरवावा तसा.

तिचा संशय सरळ शेजारच्या जावेवर, रंगुबाईवर. मी पाण्याला गेले की ही भवानी घरात शिरून लोकांची बोचकी उचकते!

नवरा पारावर गेलेला पाहून तिनं उंबऱ्यात राख पसरली. पाणी घेऊन आली तर राख जशीच्या तशी. रंगुबाई समोरच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली.

आत मात्र... खस... खस...

"उद्या कुनाची वस्तू गेली तर तोंड कुठं दाखवू?" ती नवऱ्याला म्हणाली.

"तुझं डोकं फिरलंय. माहेरी जाऊन ऱ्हा. बरी झालीस की आनतो."

डोकं फिरलं म्हणून माहेरी धाडलेली बाई परत आणतात होय कुणी?

"आदी समदं भाईर काढा. मी खोटी निघाले तर आपल्या पायानं जाते."

रंगुबाईलाही बोलावलं. तिघांनी सामान अंगणात काढलं. एक चमचाही गेला नव्हता.

रिकाम्या घरात झुंबरबाईनं ऊर भरून श्वास घेतला. किती दिवसांनी तिला बरं वाटलं.

कानिफनाथ मात्र कोपऱ्यात बसला तो उठेचना.

ढीग होता त्याच्या मागं, जिथं मांजरही शिरलं नसतं, तिथं माणूस बसेल एवढी जमीन शेणानं सारवलेली होती.

ओली... ताजी. बोटांचे वळसे दिसत होते.

"तू सारवलंस?" त्यानं बायकोला विचारलं.

"न्हाई."

रंगुबाई केव्हाच बाहेर पळाली होती.

सामान मारुतीच्या देवळात हललं. माहेरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढच्या दिवाळीला गल्लीतला बन्सी ट्रंक डोक्यावर घेऊन आला.

"घरात जागा न्हाई," कानिफनाथ दारातूनच म्हणाला.

घरात तेव्हा चूल अन् दोन हंडे. बाकी नुसत्या भिंती.

बन्सीनं आत डोकावलं. तसाच मागं सरला.

"व्हय तात्या... पाय ठिवायला बी जागा न्हाई की."

बन्सी अजून आहे. आत काय भरलं होतं, असं मी त्याला दोनदा विचारलं. तो उठून जातो.