दोनशे तासांची वायर

धाटावच्या केमिकल कंपनीत दत्तात्रेयाचं काम काट्यांचं होतं. दाब, तापमान, प्रवाह दाखवणारे जेवढे म्हणून मीटर तिथे होते, ते खरं बोलतात की नाही हे तो तपासायचा. त्यामुळे त्याचा सगळा विश्वास काट्यावर. माणसाच्या कानावर अजिबात नाही. तरी गाणं ऐकायचं वेड होतंच. रोह्याच्या घरात पुढच्या खोलीत त्याने स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर होता, दोन्ही बाजू आपोआप वाजवणारा कॅसेट डेक होता आणि आंब्याच्या फळ्यांच्या पेट्यांत बसवलेले दोन स्पीकर होते. ते जोडायला साधी लाल-काळी वायर.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात, एका रविवारी, पेणहून हिरामण आला. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पेणला त्याची साऊंड सर्व्हिस होती. सणावारी पार जोहे गावापर्यंत त्याचेच भोंगे लागायचे. पिशवीतून आधी पोह्याचे पापड निघाले, मग अंगठ्याएवढी जाड, हिरव्या रेशमी विणीची वायर. वेटोळं घातलेल्या धामणीसारखी दिसत होती.

"मेव्हण्यानं मस्कतवरनं पाठवली. ही लावली की गाणारा समोर येऊन बसतो."

दत्तात्रेयाने मीटर लावून पाहिला. "काट्यात काय फरक नाय. आपल्या वायरीत जे तांबं, तेच हिच्यात हाय."

"अरे, नवी हाय ती! कागदावर लिवलंय, दोनशे तास वाजवल्याबिगर मत देऊ नका. लोणच्यासारखी मुरावी लागते."

दत्तात्रेय एवढा हसला की त्याची बायको प्रणिता हात पुसत बाहेर आली. तिच्यासमोरच पैज लागली. दोनशे तासांनी दत्तात्रेयाचे डोळे बांधायचे, प्रणिताने वायरी बदलायच्या. दहापैकी आठ वेळा त्याने फरक ओळखला, तर त्याने पेणच्या बाजारात हिरामणच्या भोंग्यावरून जाहीर करायचं की, 'मला शहाणपण नाही.' नाही ओळखला, तर हिरामणने मिशी उतरवायची.

"भावोजी, आत्ताच एक फोटो काढून ठेवा मिशीचा," प्रणिता म्हणाली.

वाजवायला दत्तात्रेयाने स्वतःचीच जुनी कॅसेट निवडली. त्र्याऐंशी साली निडीच्या मारुतीच्या देवळात त्याने टेप केलेलं भजन. दाजी गायला, जनू पखवाजाला, कान्हू आणि आणखी सहा जण टाळांना. एकेक करून सगळे आता गेले होते. पण ती कॅसेट त्याला खोकल्या-शिंकांसकट पाठ होती, आणि फरक पारखायचा तर ओळखीचाच आवाज लागतो.

कॅसेट दिवसभर हळू आवाजात चालू राहायची. भिंतीवर कागद लावून तो तास मांडायचा. लाईट गेली की तेवढे वजा करायचा.

साठाव्या तासाला प्रणिता म्हणाली, "अहो, टाळ वाजवणारा एक वाढलाय."

"सुताराला बोलावून तुझे कान तासून घेऊ," तो म्हणाला.

शंभराव्या तासाला मात्र त्यालाही ऐकू आलं. चटईची करकर. कुणाचातरी दम्याचा श्वास. जनूने पखवाजावर थाप मारण्याआधी धोतराला पुसलेला हात. तेरा वर्षांत त्याला हे कधी ऐकू आलं नव्हतं. पैज हातची चालली होती.

मग एका सकाळी, एक अभंग संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या वेळात, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"काय वाजलं रे?" स्पीकरमधून कुणीतरी विचारलं.

"कुणास ठाव. पलीकडं काय तरी हाय," दुसरा आवाज म्हणाला.

पुढचा अभंग सुरू झाला.

दत्तात्रेयाने कॅसेट मागे नेली. त्या जागी नुसता दाजींचा खोकला होता. पुन्हा मागे नेली. खोकलाच. जाड वायर एखादं भरकटलेलं स्टेशन पकडत असेल, म्हणून त्याने अर्थिंग तपासलं, सगळे जोड नव्याने केले. साधी वायर लावून दिवसभर शिट्ट्या काढल्या. कुणी काही विचारलं नाही.

प्रणिता घाबरली नाही. "गरीब माणसं हायत," म्हणाली, आणि त्या दिवसापासून कुकर ठेवताना स्पीकरकडे बघून सांगू लागली, "शिट्टी व्हईल हां."

दोनशे तास भरले, त्या रविवारी हिरामण आला. दत्तात्रेयाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. प्रणिताने दहा वेळा वायर जोडली, कधी ही, कधी ती. त्याने दहाच्या दहा ओळखल्या.

हिरामण खुर्चीवरून उडालाच. "मिशी वाचली! पण लेका, ओळखलंस कसं?"

दत्तात्रेयाने टॉवेल सोडला. "साध्या वायरीवर ते नुसते गातात," तो सावकाश म्हणाला. "हिच्यावर ते ऐकतात."

"कोण ऐकतात?"

त्याने सांगितलं. हिरामण पोट धरून हसला, हिरवी वायर लागलेली होती त्या स्पीकरपाशी गेला आणि जाळीला तोंड लावून ओरडला, "रामराम, मंडळी!"

अभंग संपला. दत्तात्रेयाला पाठ होतं, इथे चार मोजले की पखवाज सुरू होतो.

चार झाले. दहा झाले.

"रामराम," दाजींचा आवाज आला. "सरका रे जरा. पाव्हणे हायत."

चटया ओढल्याचा आवाज झाला.

"किती हायत?"

"चौघं. धाकट्याला म्होरं घ्या."

हिरामणचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने खोलीत नजर फिरवली. दत्ता, वहिनी, आपण.

"चौथा कोण?"

प्रणिता भिंतीला टेकून खाली बसली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती त्यांच्या.

"परवाच कळलं मला," ती दत्तात्रेयाला म्हणाली. "नक्की झाल्यावर सांगणार हुते. अजून कुणाला बोलले नाय."

त्याने हात लांब करून डेक बंद केला.

हिरामण वायर पिशवीत घालून घेऊन गेला. त्याने ती पुन्हा कुठे लावली नाही. दत्तात्रेयाने ठरल्याप्रमाणे पेणच्या बाजारात भोंग्यावरून आपलं शहाणपण नाकारलं, आणि एवढ्या आनंदात नाकारलं की लोकांना वाटलं, कसली तरी जाहिरात आहे. जुलैत मुलगी झाली. ऋतुजा. गुटगुटीत, हसरी, रात्री शांत झोपणारी.

काही महिने कॅसेट कपाटात राहिली. मग प्रणितालाच करमेना. साध्या लाल-काळ्या वायरीवर ती लावायला काय हरकत होती? त्या वायरीवर तर ते नुसते गायचे. दत्तात्रेयाने पूर्ण कॅसेट दोनदा ऐकून खात्री करून घेतली. जिथे खोकला तिथे खोकला, बाकी काही नाही.

ऋतुजा आठ महिन्यांची झाली, बसू लागली. भजन लागलं की ती आपल्या खुळखुळ्याशी खेळत असायची. पण अभंग संपून शांतता झाली की खुळखुळा खाली ठेवायची, स्पीकरकडे बघून हसायची, आणि बसल्या बसल्याच थोडी पुढे सरकायची.