कालकवचाचं कुलूप

डोंगराच्या पायथ्याशी, वाहनतळावर गाडी लावताच डॉ. वासुदेव हळबे यांनी सवयीने दारं ओढून पाहिली. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका पायथ्याशी काच फोडून कुणीतरी त्यांची पिशवी पळवली होती. तिच्यात त्यांच्या तीस वर्षांच्या टिपणवह्या होत्या. त्या धक्क्यातूनच आजचं यंत्र जन्मलं होतं.

"सर, घरचं कुलूपही असंच ओढून बघता?" त्यांच्या प्रयोगशाळेतली अभियंता तृप्ती गावित हसली.

"पाचदा," गाडीतून त्यांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि जिन्यावरून परत येऊन आणखी दोनदा. पन्नास वर्षं बघतेय."

हळबे ओशाळले. "तृप्ती, एकदा पुन्हा सांग. माझं काही चुकायला नको."

"सर, कालकवच तुम्हीच तर शोधलंत! बटण दाबलं की गाडीतला काळ साठपट मंदावतो. बाहेर तास, आत मिनिट. चोराने हात घातला तर हातही तिथेच रेंगाळेल. पुन्हा दाबलं की आणखी साठपट."

"आणि उघडणारा भाग?"

"चोराच्या हाती लागू नये म्हणून आत. कवच वाढवणारा तेवढा बाहेर. उघडायला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो."

"सामान टाकून सगळ्यांनीच जायचं, हे काही मला पटत नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "सामानाजवळ एक माणूस हवाच."

"काकू, माणूस बसवायला नको म्हणून तर हा खटाटोप!"

"बरं बाई. व्हा तुम्ही पुढे. पाण्याच्या बाटल्या काढून आलेच मी."

पहिल्या वळणावरून हळब्यांनी खाली पाहिलं. गाडीजवळ कुणी नव्हतं. म्हणजे वत्सला निघाली. त्यांनी किल्लीवरचं बटण दाबलं. दुसऱ्या वळणावर शंका आली: लागलं असेल ना? पुन्हा दाबलं. मग प्रत्येक वळणावर तेच. सामानाला काय, मिनिट काय नि सेकंद काय! उलट जास्तच सुरक्षित.

माथ्यावर फोनला संपर्क मिळाला आणि वत्सलेने मघाशी पाठवलेला निरोप आता उमटला: 'गुडघा बोलतोय. गाडीतच बसते सामानाजवळ. तुमच्या यंत्राचा मला भरवसा नाही. सावकाश या.'

हळब्यांच्या हातातली काठी गळून पडली.

दोघं धापा टाकत खाली आली तेव्हा गाडीच्या जागी काळाकुट्ट ठोकळा उभा होता. ना काच दिसत होती, ना दार. आतला उजेडसुद्धा इतका मंदावला होता की तो डोळ्यांना दिसतच नव्हता. हळब्यांनी उघडायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"आज्ञा पोचली आहे," तृप्ती म्हणाली. "पण ती ओळखणारा भाग आत आहे, सर. त्याला लागणारा सेकंदाचा हजारावा भागसुद्धा आतल्याच काळाने मोजला जाणार. आपण दोनच पातळ्या तपासल्या होत्या. तेव्हा साडेतीन सेकंद लागले, आपल्याला वाटलं बटणच ढिलं आहे."

"बॅटरी संपेल ना?"

"तीही आतच आहे."

हळब्यांनी मनातल्या मनात साठाला साठाने गुणलं. "सहादा दाबलं असेल तर दीड वर्ष. थांबेन मी. सात असेल तर..." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "सहाच असेल ना गं?"

किल्लीच्या पडद्यावर आकडा होता. तृप्तीने तो वाचला आणि किल्ली छातीशी धरली.

"एकोणनव्वद वर्षं, सर."

"पुन्हा एकदा बघ."

तिने बघितलं. मग आणखी एकदा.

त्र्याहत्तर वर्षांचे हळबे गाडीशेजारच्या कातळावर बसले. आत वत्सलेची पापणीसुद्धा लवली नसेल. पापणी लवायच्या आत दार उघडेल, आणि सावकाश या म्हटलं तरी इतका उशीर का, म्हणून विचारायला ती बाहेर डोकावेल. समोर कुणीतरी अनोळखी माणसं असतील.

बऱ्याच वेळाने त्यांनी तृप्तीकडून किल्ली मागून घेतली. तिच्या टोकाने ते कातळावर अक्षरं कोरू लागले, खोल, दार उघडताच नजरेला पडतील अशी.

'वत्सला, कुलूप पहिल्यांदाच लागलं होतं.'