चालत आलेला गारठा

हे मी रचलेलं नाही. रचता आलं असतं तर शेवट तरी बरा केला असता.

ती दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही. पाऊस नुकताच सरला होता. आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं निळं. लख्ख ऊन. अंधार नाही, ओसाड जागा नाही. भर वस्तीतलं आमचं घर, तिसरा मजला, खाली बसगाड्यांची वर्दळ.

असलं काही घडायला रात्रच लागते, असं मलाही वाटायचं.

मी शहराच्या हवामान कार्यालयात काम करते. त्या वर्षी माझ्या गळ्यात एक कंटाळवाणं काम पडलं होतं. जुन्या काळापासून शहरात रोज किती तापमान होतं, ते सगळं संगणकात भरायचं. त्यातही साहेबांना हवे होते पाऊस सरल्यानंतरचे दिवस. दुपारी चटका आणि पहाटे पांघरूण, असे ते दिवस. पूर्वी ते किती गार असायचे आणि आता किती तापतात, हे त्यांना बघायचं होतं.

पूर्वी शहरात तीन ठिकाणी पांढऱ्या लाकडी पेट्या होत्या. नदीच्या पुलापाशी, टपाल कार्यालयाच्या आवारात आणि मोठ्या शाळेच्या मैदानात. पेटीत एक यंत्र असायचं. त्यातला कागद सावकाश फिरायचा आणि पेन त्यावर तापमानाची रेघ ओढत राहायचं. सकाळी रेघ चढायची, दुपारी माथ्यावर, संध्याकाळी उतरायची. रोज तेच. लहान मुलाने काढलेला डोंगर जसा.

पण दर वर्षी, पाऊस सरल्यावर, एका दुपारी...

रेघ एकदम खाली कोसळायची.

थोडा वेळ खालीच राहायची. मग पुन्हा वर. जसं काही झालंच नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्याला सगळे छत्री म्हणतात. आमच्याच कार्यालयाने कोरडी हवा सांगितली तरी हा छत्री घेऊन येतो. “आपण काय दिवे लावतो ते मला माहीत आहे ना,” म्हणतो.

मी त्याला त्या रेघा दाखवल्या.

“ढग आला असेल,” मी म्हणाले.

तो बराच वेळ बघत राहिला. आधी पुलापाशी रेघ पडली होती. मग काही वेळाने टपाल कार्यालयात. मग शाळेत. दर वर्षी त्याच क्रमाने.

“ढग पायी चालतो का गं?”

“म्हणजे?”

“वारा असता तर एका झटक्यात सगळीकडे पोचला असता. हे सावकाश चाललंय. पुलावरून शाळेपर्यंत चालत जायला तुला-मला जेवढा वेळ लागेल ना, तेवढाच.”

मी हसले.

छत्री हसला नाही. एरवी कशावरही हसणारा माणूस.

“आणि काही वर्षी हे शाळेपर्यंत जातच नाही,” तो म्हणाला. “मधेच नाहीसं होतं.”

“कुठे जातं?”

“शिरत असेल कुणाच्या तरी घरात.”

 मी उगाच खिडकी लावून घेतली.

आता घरचं सांगते. घरात आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. बाबा निवृत्त कंडक्टर. जन्मभर लोकांना “पुढे सरका, जागा आहे” म्हणत आले. दारात कुणीही येवो, त्याला आत घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पत्ता चुकलेला माणूससुद्धा आमच्याकडे पाणी पिऊन जायचा. आई वैतागायची. “अहो, हे घर आहे, बस नाही!”

त्या आठवड्यात बाबांना ताप भरला. साधाच, हवा बदलताना येतो तसा. पण उतरेना. मी सकाळी निघाले तेव्हा त्यांचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं आणि ते झोपेत काहीतरी पुटपुटत होते. मी ऐकायला वाकले.

“चला, चला... मागे जागा आहे...”

मला हसू आलं. वाईटही वाटलं.

दुपारी मी कार्यालयात होते. आता जुन्या पेट्या गेल्या. त्या जागी नवी यंत्रं आहेत, त्यांचे आकडे थेट पडद्यावर दिसतात. आणखी दोन ठिकाणंही वाढली आहेत. एक बस आगार. दुसरं, आगारामागच्या आमच्याच इमारतीची गच्ची. तिथलं यंत्र मीच हौसेने बसवून घेतलं होतं.

जेवण करून बसले आणि पुलाचा आकडा पडला.

बत्तीसवरून थेट अकरा.

“छत्री...”

तो उठून माझ्या मागे उभा राहिला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. पुलाचा आकडा हळूहळू वर आला. मग बराच वेळ काही नाही.

मग टपाल कार्यालय पडलं.

“मी शाळेत जातो,” छत्री म्हणाला. “बघतो तरी काय आहे ते.” स्कूटरची किल्ली उचलली आणि गेलाही. छत्री टेबलावरच राहिली.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

“पोचलो. मधली सुट्टी झालीय. मैदान पोरांनी भरलंय. नुसता कालवा. ऐकू येतोय ना?”

येत होता. किंचाळणं, हसणं, शिट्ट्या.

“ऊन आहे ना?”

“अगं घामाने...”

तो थांबला.

आणि कालवाही थांबला. कुणीतरी बटण बंद करावं तसा.

“छत्री? काय झालं?”

“पोरं...” तो अगदी हळू बोलत होता. “पोरं बाजूला होतायत. दोन्हीकडे. कुणी सांगितलं नाही त्यांना. मधे वाट करून दिलीय.”

“कुणाला?”

“कुणी नाहीये गं. वाट मोकळी आहे.”

मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

“माझ्या तोंडातून वाफ निघतेय,” तो म्हणाला. “भर उन्हात... वाफ निघतेय.”

पडद्यावर शाळेचा आकडा सात झाला होता.

मग पलीकडे एकदम कालवा सुरू झाला. पोरं पुन्हा धावायला लागली होती. छत्री म्हणाला, “गेलं.” आणि मग, “तुझ्या घराच्या बाजूला गेलं.”

शाळेच्या पुढे काय आहे, ते मला सांगायची गरज नव्हती. आगार. आणि आगाराच्या मागे आम्ही.

मी आईला फोन लावला. मागून गाड्यांचे आवाज येत होते.

“कुठे आहेस तू?”

“औषधाच्या दुकानात. गोळ्या संपल्या त्यांच्या. ही रांग लागलीय!”

“बाबांना एकटं टाकून गेलीस?”

“अगं झोपलेत ते. बाहेरून कुलूप लावून आलेय. पळून जाणारेत का?”

आगाराचा आकडा पडला.

मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. शेवटी उचलला.

“बाबा, ऐका. दार वाजलं तर उघडू नका. कुणीही असो. आई येईपर्यंत...”

“अगं, पण ती आत आलीय.”



“कोण?”

“गारठलीय बिचारी. फार लांबून आलीय चालत.” त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. कौतुकाने कुणाबद्दल सांगावं तसा. “म्हटलं, ये. मी सरकतो. जागा आहे.”

“बाबा, खोलीतून बाहेर या. आत्ताच्या आत्ता.”

तेव्हा मला तो आवाज ऐकू आला.

कट... कट... कट... कट...

दात वाजत होते. थंडीने वाजतात तसे.

मला वाटलं बाबांना हुडहुडी भरलीय. पण बाबा बोलत होते. “घे, पांघरूण घे,” असं नीट, सलग म्हणत होते.

आणि ते बोलत असतानाही तो आवाज येतच होता. फोनच्या अगदी जवळून.

मग फोन कट झाला.

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. जिन्यात आई दिसली. आमच्या दारासमोर उभी होती, हातात औषधाची पिशवी. किल्ली कुलपात होती, पण ती फिरवत नव्हती.

“हात लावून बघ,” ती म्हणाली.

कुलूप बर्फासारखं होतं. मी ओढणी गुंडाळून किल्ली फिरवली.

आत पंखा बंद होता. खिडक्यांच्या काचा धुरकटल्या होत्या. आतून. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आमच्या खोलीत काचांवरून पाणी ओघळत होतं.

बाबा पलंगाच्या अगदी कडेला झोपले होते. आणखी थोडे सरकले असते तर पडले असते. डोळे मिटलेले. ओठ निळे. एक हात पांघरुणावर, पलंगाच्या रिकाम्या बाजूला. कुणाला थोपटत असल्यासारखा.

पण तो हात पांघरुणावर टेकलेला नव्हता.

जरा वर होता. अधांतरी.

त्याखालचं पांघरूण फुगलेलं होतं. आणि त्या बाजूची गादी दबलेली.

आईने माझं मनगट धरलं. आम्ही दोघी ओरडलो नाही. ओरडावं असं सुचलंच नाही.

मग बाबांचा हात हळूहळू खाली आला... आणि गादी वर आली. कुणी उठल्यावर येते तशी.

आईने मला एकदम भिंतीकडे ओढलं.

“मधे उभी राहू नकोस,” ती कुजबुजली. “जाऊ दे तिला.”

आम्हाला घासून काहीतरी गेलं. दिसलं नाही. आवाज झाला नाही. पण मी सांगते, ते गार नव्हतं.

कोमट होतं.

तापलेल्या माणसाचं अंग असतं ना, तसं.

बाबांच्या कपाळाला हात लावला आणि मी तो झटकन मागे घेतला. आईने तापमापक लावला. पारा हललाच नाही. डॉक्टर आले. सुई, गरम पाण्याच्या पिशव्या, दवाखाना, सगळं झालं. बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, ताप असा एकदम उतरला की होतं कधी कधी. म्हणताना त्यांनी बाबांचा हात सोडून स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळले, ते मी पाहिलं.

फोनवर बोललेलं बाबांना काही आठवत नाही. आईलाही ते “जाऊ दे तिला” आठवत नाही. “मी कशाला असं म्हणेन?” म्हणते, आणि विषय बदलते.

बाबा हिंडू-फिरू लागले. पण अंगात ऊब आली नाही. भर दुपारी दोन स्वेटर. चहाचा कप दोन्ही हातांत धरला की चहा बघता बघता गार व्हायचा. आई हसून म्हणायची, “फ्रिज घ्यायचा खर्च वाचला.” पण रात्री ती माझ्या खोलीत झोपायला यायला लागली.

गेल्या वर्षी पाऊस सरला आणि मी रजा टाकून घरी बसले. छत्री पडद्यासमोर बसून होता. रोज फोन करायचा. पूल ठीक, सगळं ठीक.

एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज खुशीत होता.

“पूल अजून गरमच. यंदा ती निघालीच नाही बहुतेक. सुटलो.” मग थांबला. “एक मिनिट.”

“काय?”

“आगार पडलं.”

“आगार? आधी पूल...”

“पूल नाही, टपाल नाही. नुसतं आगार. थांब... आता शाळा.” त्याचा आवाज उतरला. “उलटं चाललंय गं. यंदा तुमच्याकडून निघालंय.”

मी बाबांच्या खोलीत धावले.

पलंग रिकामा होता.

“अगं, मघाशीच बाहेर पडले,” आई म्हणाली. “ऊन खाऊन येतो म्हणाले.”

शाळेनंतर टपाल कार्यालयाचा आकडा पडलाच नाही. मधेच कुठेतरी सगळं नाहीसं झालं. त्या पट्ट्यात कितीतरी घरं आहेत.

संध्याकाळी बाबा परत आले. स्वेटर काढून खांद्यावर टाकलेले. गाल लाल. जेवताना दोनदा वाढून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तो हात उबदार होता. वर्षभरात पहिल्यांदाच.

“कुठे गेला होतात, बाबा?”

“एकांनी बसवून घेतलं घरात,” ते म्हणाले. “फार चांगली माणसं.”

कुणाच्या घरी, ते मी विचारलं नाही. आजतागायत नाही.

आता पुन्हा पाऊस सरलाय. ती ऊब फार दिवस पुरली नाही. बाबांचे हात परत पहिल्यासारखे झालेत. या वेळी आम्ही त्यांना बाहेर सोडणार नाही, असं आईने आणि मी ठरवलंय. चपला लपवल्यात. दाराची किल्ली आईच्या कमरेला आहे.

बाबा एका शब्दाने रागावले नाहीत.

पण मला कालपासून कणकण आहे. हवा बदलली की येतो, तसाच ताप. आज दुपारी चढलाय. मी पडून हे लिहितेय. दार नुसतं लोटलंय.

बाबा मघापासून दारात उभे आहेत. आत येत नाहीत. दात वाजू नयेत म्हणून त्यांनी हनुवटी हाताने धरून ठेवलीय.

अगदी मायेने विचारतात, “फार तापलीस का गं? कपाळाला हात लावून बघू?”