गिळलेलं वाक्य

धडगावच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय सुटत नाही. त्या शनिवारी अजून दोन माणसं हवी होती, आणि मी हातात फोन धरून बसले होते. गाइडचा मेल आला होता... उघडायची छाती होत नव्हती. चौतीस वर्षांची, कॉलेजात शिकवणारी बाई मी, आणि पीएच.डी.च्या एका मेलला भ्यायले.

"मॅडम, मी वाचून दाखवू?" शेजारचा माणूस म्हणाला. वीरसिंग सर, आश्रमशाळेत शिकवणारे. तेही पीएच.डी. करत होते, पावरी बोलीतल्या गाण्यांवर.

त्यांनी वाचलं. "म्हणतात, तिसरं प्रकरण अजून जरा फुलवा."

घरी जाऊन बघते तर काय, 'निव्वळ भरताड' असं लिहिलेलं.

"खोटं वाचलंत की हो," पुढच्या शनिवारी मी म्हटलं.

"मेल तोच होता, मॅडम — मी फक्त हळू आवाजात वाचला."

मग ते ठरूनच गेलं. माझे मेल ते वाचायचे, त्यांचे मी. ड्रायव्हर ओरडायचा, "आजून दोन सीट बाकी शेतस." मला वाटायचं, राहू देत बाकी... प्रेमात पडले होते, दुसरं काय.

फेब्रुवारीत त्यांच्या आईने अंथरूण धरलं. सरांचा चेहरा पार ओढला होता, आणि त्यांच्या गाइडचा मेल होता — एकतीस मार्चपर्यंत प्रबंध जमा करा, नाहीतर नोंदणी रद्द. ते वाक्य मी गिळलं. म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी ते हसले, आणि मी पुन्हा पुढे ढकललं. असं करता करता मार्च संपला.

एप्रिलात मात्र राहवेना. जीप भरायच्या आधीच, आत बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. "सर, तुमची सहा वर्षं मी मातीत घातली."

ते म्हणाले, "तो मेल मी आधीच वाचला होता. आईला उचलून बसवायला घरात दुसरं माणूस नाही, मॅडम. लिहिणं मी तेव्हाच सोडलं."

"मग दर शनिवारी फोन माझ्या हातात का द्यायचात?"

"तुम्ही वाचायचात ना... बरं वाटायचं."

माझे डोळे भरून आले. "दुसरं माणूस लागतं ना? मी येते."

"आधी तुमचा प्रबंध जमा करा. दोघांतल्या एकाचा तरी होऊ द्या."

"वर्ष लागेल, सर. तोवर आई...?"

जीप भरली होती. त्यांना आज कुठे जायचंच नव्हतं, नुसते मला भेटायला येऊन बसले होते. ते खाली उतरले, दार नीट लावलं, आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "मी थांबेन."