चौघांनी सांगितलेली मगर

"पहिलं पान रिकामं करा! मंडईचं उद्घाटन ढकला शेवटच्या पानावर!"

काका फोन नाचवत कचेरीत घुसले. घाईत त्यांची एक चप्पल जिन्यातच राहिली होती.

काकांचं साप्ताहिक गावभर वाचलं जायचं. सुट्टीसाठी त्यांच्याकडे आलेली तीन पुतवंडं अंकांच्या घड्या घालत बसली होती. सतत प्रश्न विचारणारी शंका, खणखणीत आवाजाचा भोंगा आणि भोंग्याची धाकटी बहीण चिमटी.

"काय झालं काका?" भोंगा ओरडला. टेबलावरची पेन्सिल हलली.

"तलावात मगर! बारा फुटी! हा बघा फोटो!"

शंकानं फोन हातात घेतला. "काका, मगरीच्या मागे डोंगर दिसतोय. आपल्या तलावाजवळ डोंगर कुठे आहे?"

"असेल एखादा! अगं, चौघांनी सांगितलंय. शिंपी, औषधवाले, पोस्टमन आणि बेकरीवाले. चौघं खोटं बोलतील?"

"पण पाहिली कुणी?"

"तू घड्या घाल!"

इतक्यात दारात नावाडीमामा येऊन उभे राहिले. रोज तलावात नाव फिरवणारा हा माणूस आज पार उतरलेल्या चेहऱ्यानं आला होता.

"साहेब, सकाळपासून एक माणूस नावेत बसला नाही. तुम्ही छापलंत, तर तलाव बंदच करतील. वीस वर्षं पाण्यावर आहे मी, बेडकापेक्षा मोठं काही पाहिलं नाही."

"पाच वाजता छपाई सुरू होणार," काका म्हणाले. "थांबता येणार नाही!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्याच मिनिटाला तीन सायकली रस्त्यावर होत्या.

शिंपीकाका टेप गळ्यात अडकवून बसले होते. "बारा फूट! अगदी मोजून!"

"तुम्ही मोजली?"

"छे! मला औषधवाल्यांनी सांगितलं."

औषधवाले म्हणाले, "बारा नाही हो, आठ. आणि फोटो कुणीतरी पाठवला म्हणून मी पुढे पाठवला. मगरीचं मला पोस्टमननं सांगितलं."

पोस्टमन म्हणाला, "सहा फूट असेल. बेकरीत ऐकलं मी."

चिमटी बोटं मोजत होती. "बारा, आठ, सहा... मागे जाऊ तशी मगर लहान होतेय!"

"अजून दोन दुकानं मागे गेलो तर पाल निघेल!" भोंगा म्हणाला.

"आणि ही चौघं नाहीतच," शंका म्हणाली. "एकाचंच बोलणं चार तोंडांतून आलंय!"

बेकरीवाले पाव कापता कापता म्हणाले, "तीन फूट! पंपाचे मिस्त्री इथं उभे राहून फोनवर सांगत होते. 'माझी तीन फुटी मगर तलावात गेली, केवढे दात तिचे!' पुढचं काही मी ऐकलं नाही. दुकान सोडून आधी पोस्टमनला गाठलं."

"माझी मगर?" तिघंही एकदम म्हणाले.

मिस्त्री तलावाकाठच्या पंपघरात कपाळाला हात लावून बसले होते. "अरे, मगर म्हणजे माझा मोठा पाना! पाइप आवळायचा. दात आहेत म्हणून मी लाडानं तिला मगर म्हणतो. काल हातातून निसटली आणि गेली पाण्यात!"

"चला, काकांना सांगू!" भोंगा सायकलकडे धावला.

"थांब," शंका म्हणाली. "हेही आपण ऐकलेलंच आहे. पाहिलंय कुठे?"

नावाडीमामांनी तिघांना जीवरक्षक जाकिटं चढवली. चिमटीचं जाकीट गुडघ्यापर्यंत आलं. मिस्त्रींनी जाडजूड लोहचुंबक दोरीला बांधलं आणि नाव पंपघरासमोर आली. दोरी खाली गेली. एकदा चिखल, दुसऱ्यांदा गंजलेला डबा. साडेचार वाजले! तिसऱ्यांदा दोरी जड झाली.

"ओढा!"

पाण्यातून हिरव्या रंगाचा, तीन फुटी, दातेरी पाना वर आला. मिस्त्रींनी त्याला पोटाशी धरलं. चिमटीनं फोटो काढला.

पण तिघं कचेरीत पोचली, तेव्हा काकांनी घाईघाईत यंत्र दहा मिनिटं आधीच सुरू केलं होतं. खडखडाटात कुणाला काही ऐकू येईना.

"भोंग्या, आता!" शंका म्हणाली.

"थांबवा!!!"

छपाईवाल्यांच्या हातून बटण आपोआपच दाबलं गेलं. काका खुर्चीतून उठले ते टेबलावर आपटले.

शंकानं सगळं सांगितलं आणि फोटो पुढे केला. त्याच वेळी मिस्त्री पाना खांद्यावर घेऊन आत आले. काकांनी पान्याचे दात बोटानं मोजले, मग छापून झालेल्या सात प्रती उचलल्या आणि टराटरा फाडल्या.

"पण आता पहिल्या पानावर छापू काय?" ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

"जे झालं ते!" चिमटी म्हणाली.

अंक दोन तास उशिरा निघाला. पहिल्या पानावर पान्याचा फोटो होता आणि खाली काकांनी स्वतःच्या सहीनं लिहिलं होतं : 'मगर कुणीच पाहिली नव्हती आणि तरीही आम्ही ती छापायला निघालो होतो. आमच्या घरातली तीन मुलं दारोदार जाऊन विचारत फिरली, म्हणून वाचकांची फसगत टळली. आम्ही त्यांचे आभारी आहोत.'

"आणि माझीही लाज राखलीत रे पोरांनो," काका हळूच म्हणाले.

रविवारी नाव गच्च भरली होती. नावाडीमामांनी ते पहिलं पान नावेच्या छताला चिकटवलं होतं आणि प्रत्येक फेरीला ते मोठ्यानं वाचून दाखवत होते. शेवटच्या ओळीला नावेतले सगळे टाळ्या वाजवायचे आणि नाव जोरात डुलायची.